धूर नाही

१

तिसऱ्या ग्लासात धूर निघाला आणि माझ्या भावोजींचं नाक कापलं गेलं.

शब्दांशी खेळ म्हणून म्हणत नाही. भावोजींचा धंदाच नाकाचा. व्हिस्कीची पिंपं मागवून विकणाऱ्या एका पेढीत ते सव्वीस वर्षं वास घेण्याचा पगार घेतात. पिंप आलं की वास, पिंप गेलं की वास, आणि दोन्ही वेळा वहीत त्यांचा शेरा नि सही. त्या सहीवाचून पिंप दाराबाहेर हलत नाही. पेढीत त्यांना सगळे नाकसाहेब म्हणतात. आम्ही घरचे म्हणायचो, लोकांच्या नाकाखाली मिशा असतात, भावोजींच्या नाकावर अख्खा संसार उभा आहे. ते हसायचे आणि नाक आणखी थोडं वर करायचे.

तर काल सकाळी अकरा वाजता पेढीत बारा खरेदीदार जमले. प्रत्येकापुढे सहा ग्लास, तीन आयरिश आणि तीन स्कॉच. चाखा, तुलना करा, आवडेल त्याची मागणी नोंदवा असा बेत. तिसरा ग्लास त्या दिवसाचा नवरदेव होता. एकतीस नंबरच्या पिंपातली एकवीस वर्षांची आयरिश, शेरीच्या पिंपात मुरलेली. असं पिंप पेढीत एकच. मालकांनी चार गोड शब्द बोलून सगळ्यांना ग्लास उचलायला लावला, आणि पहिल्याच घोटाला एक जाडा खरेदीदार खो खो हसत सुटला.

"अहो, ही कसली आयरिश? ही तर शेकोटीत लोळून आलेली स्कॉच आहे!"

पिंप उघडून पाहिलं. पिंपभर तीच. आणि वहीत त्याच सकाळी नऊ वाजताचा भावोजींच्या हातचा शेरा होता: 'पिंप एकतीस. आयरिश, शेरी. मनुका, अक्रोड, संत्र्याची साल. धूर नाही.' खाली सही.

मालकांनी भावोजींना बाजूला घेऊन एवढंच सांगितलं की उद्या संध्याकाळी पाचपर्यंत पिंप कुठे गेलं ते सांगा, नाहीतर मला पोलिसांना बोलवावं लागेल.

आज सकाळी सातला ताईचा फोन आला. "अगं धाकटे, तू कोर्टातली. काहीतरी कर गं. हे रात्रभर भिंतीकडे तोंड करून पडलेत."

मी कोर्टातली म्हणजे न्यायाधीश नव्हे आणि वकील तर नव्हेच. मी लघुलेखक. बावीस वर्षं लोक बोलतायत आणि मी लिहितेय. खोटं बोलणारा माणूस मला चेहऱ्यावरून ओळखता येत नाही, कारण माझी मान कायम खाली. कागदावर मात्र येतो ओळखू. पण हे ताईला सांगण्यात अर्थ नव्हता. मी रजा टाकली, वही घेतली आणि निघाले.

२

जिन्यातच करपल्याचा वास आला. खालच्या मजल्यावर कुणाचं तरी दूध उतू गेलं असावं, असं वाटलं. वर आले तर वास ताईच्याच दारातून येत होता. स्वयंपाकघरात भावोजी वर्तमानपत्र उघडून बसले होते, आणि त्यांच्या हाताच्या अंतरावर शेगडीवरचं पातेलं काळं ठिक्कर पडलं होतं.

"अहो, दूध!" ताई न्हाणीघरातून ओल्या केसांनी धावत आली, शेगडी बंद केली, खिडकी उघडली आणि माझ्याकडे बघून डोळ्यांनीच म्हणाली की बघ, हे असं चाललंय.

"लक्ष नव्हतं," भावोजी म्हणाले. कालपासून ज्याच्या डोक्यावर तलवार आहे त्याचं दुधाकडे लक्ष कसं असेल, असं मीही मनात म्हटलं.

"या मेव्हणीबाई. उलटतपासणीला आलात?"

"नाक खुपसायला आले. तुमचं एवढं मोठं असताना माझं कशाला, पण आले."

ते हसले नाहीत. मी वही उघडली. "आधी मला शिकवा. आयरिश आणि स्कॉच, फरक काय?"

हा प्रश्न विचारला आणि माणूस जरा सरळ बसला. "मोठा फरक नाही आणि मोठाच आहे. दोन्ही धान्याचीच. आयरिशवाले बहुतेक तीनदा उकळून गाळतात, स्कॉचवाले दोनदा. म्हणून आयरिश मऊ आणि स्कॉच जरा अंगावर येणारी. धुराचं वेगळं. भिजवलेलं धान्य वाळवायचं असतं ना, तर काही स्कॉचवाले ते पीटवर वाळवतात. पीट म्हणजे दलदलीतली कुजलेली माती. वीट कापून वाळवायची आणि जाळायची. तो धूर दाण्यात शिरतो तो शिरतोच. वीस वर्षांनीही डांबरासारखा, दवाखान्यासारखा वास येतो. आयरिश सहसा धुराच्या वाटेला जात नाही."

"सहसा?"

"आहेत काही धुराच्या. आणि धूर नसलेल्या स्कॉच तर ढिगानं आहेत. अमकी म्हणजे अशीच, असं म्हणणारा माणूस पुस्तक वाचून आलेला असतो."

"आणि शेरी?"

"शेरी ही वाइन. तिची रिकामी पिंपं दोघंही वापरतात. लाकडातून रंग उतरतो, गडद, तांबूस. मनुकांचा वास येतो. रंग लाकडाचा आणि धूर दाण्याचा, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही."

मी सगळं लिहून घेतलं. मग मान वर न करता विचारलं, "एकतीस नंबर तुम्ही घेतलंत?"

"नाही."

"मग 'धूर नाही' असं का लिहिलंत?"

"लिहिलं तेव्हा नव्हता."

"म्हणजे नऊ ते अकराच्या मध्ये बदललं कुणीतरी. तेव्हा किल्ली कुणाकडे होती?"

ताईने पातेलं घासणं थांबवलं. "माझ्याकडे," ते म्हणाले.

आता बघा. नऊच्या आधी पिंप बदललं असेल, तर भावोजींनी धूर हुंगून 'नाही' लिहिलं. नऊनंतर बदललं असेल, तर किल्ली त्यांच्याच खिशात. कुठूनही मोजा, चोर हेच. आणि हा नाकासमोर चालणारा माणूस माझ्यासमोर बसून म्हणत होता की मी घेतलं नाही.

३

गोदामाच्या दारात कुलूपमामांनी मला अडवलं. कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून फिरणारे म्हणून कुलूपमामा. "हाताला काय लावलंय?"

"क्रीम."

"धुवा. साबण नको, नुसत्या पाण्यानं. सेंट, केसांचं तेल, काही चालत नाही इथं. नाकसाहेबांचा नियम. थोरले मालक होते तेव्हा त्यांनासुद्धा परत पाठवलं होतं एकदा, दाढीचं पाणी लावून आले म्हणून." एवढं बोलून त्यांनी खिशातून दोन लवंगा काढून तोंडात टाकल्या.

"दात दुखतो?"

"नाही हो. सकाळी एक सिगारेट ओढतो. नाकसाहेबांना दहा पावलांवरून कळतं. मग आईबाप काढतात." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "आजही सवयीनं टाकल्या बघा. ते आज येणारसुद्धा नाहीत."

आत गारवा होता आणि तीन रांगांत पिंपं आडवी पडली होती. प्रत्येकाच्या तोंडावर नंबराची पत्र्याची चकती, दोन खिळ्यांनी ठोकलेली. एकतीसपुढे मी बराच वेळ उभी राहिले. लाकूड काळवंडलेलं आणि चकतीही मळलेली, पण खिळे मात्र लख्ख होते.

"मामा, हे खिळे कधी बदलले?"

मामा वाकले. बोट लावून पाहिलं. "अरेच्चा! हे माझे खिळे नव्हेत."

"याच आकाराचं, याच रंगाचं दुसरं पिंप होतं का गोदामात?"

"शेरीची दोनच होती. हे एकतीस आणि अठरा नंबर. अठरा म्हणजे स्कॉच, धुरकट. ते तीन आठवड्यांपूर्वी विकलं गेलं. मी तेव्हा मुलीकडे गेलो होतो चार दिवस. मालकांनी स्वतः उभं राहून पाठवलं म्हणे."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. व्हिस्कीचा थेंबही कुणी हलवला नव्हता, नुसत्या चकत्या बदलल्या होत्या. खरी आयरिश अठराची चकती लावून तीन आठवड्यांपूर्वीच दारातून राजरोस बाहेर पडली, आणि मागे राहिलेल्या स्कॉचवर एकतीसची चकती ठोकली गेली. नऊ ते अकरा आणि खिशातली किल्ली, सगळं गेलं उडून! मला तिथल्या तिथे ताईला फोन करावासा वाटला.

"जावकाची वही दाखवा, मामा."

मामांनी पान काढून दिलं. अठरा नंबर बाहेर जातानाचा शेरा तिथे होता: 'स्कॉच, शेरी. डांबर, मीठ, मनुका. धूर आहे, भरपूर.' खाली भावोजींची सही.

म्हणजे आयरिश बाहेर जाताना त्यांनी 'धूर आहे' लिहिलं, आणि स्कॉच मागे राहिली तिला 'धूर नाही'. काल एक खोटी सही होती. मी शोध लावून त्यांच्या नावावर दुसरी जमा केली होती. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. मी वही मिटली आणि प्रयोगशाळेकडे वळले.

४

प्रयोगशाळेत केमिस्टबाई काचेची नळी उजेडात धरून बसल्या होत्या. पन्नाशीच्या, तुटक बोलणाऱ्या. मला बघून म्हणाल्या, "त्यांनी केलं असेल यावर माझा विश्वास नाही. लिहून घ्या."

"घेतलं. कालच्या सहा ग्लासांची यादी कोणी ठरवली?"

"नाकसाहेबांनी. पण तिसरा ग्लास त्यांचा नव्हता. त्यांनी साधी आयरिश लिहिली होती. आदल्या दिवशी मालकांनी खोडून एकतीस घातलं."

"हा बदल नाकसाहेबांना माहीत होता?"

"काल सकाळी नऊला कळला. म्हणून तर घाईनं पिंप तपासून सही केली."

"तुमचं यंत्र धूर ओळखत नाही का?"

"माझं यंत्र जोर मोजतं. रंग मोजतं. वासाला इथं एकच यंत्र आहे." त्यांनी कपाटाकडे बोट केलं. "गेल्याच आठवड्यात दोन नमुन्यांत मला शंका होती. त्यांच्याकडेच पाठवले. त्यांचा निकाल शेवटचा."

"काय निकाल दिला?"

"म्हणाले, दोन दिवस राहू दे, सर्दी आहे." बाईंनी नळी खाली ठेवली. "हल्ली असते त्यांना सर्दी."

मी निघताना त्यांच्याकडे दोन निळे ग्लास मागितले. ते कशासाठी असतात हे मला भावोजींनीच कधीतरी सांगितलं होतं. रंग बघून माणूस फसतो, म्हणून खरी परीक्षा निळ्या काचेत.

मग मालकांची केबिन. थोरल्या मालकांचा हा मुलगा, पस्तिशीचा, अदबशीर. भावोजींना काका म्हणतो. खुर्ची ओढून दिली, पाणी मागवलं. त्या बंद खोलीत महागड्या सेंटचा वास इतका दाटला होता की मला शिंक आली.

"माफ करा, एसीमुळे होतं," ते म्हणाले. "विचारा ना, काय विचारायचं ते."

"यादीत एकतीस नंबर तुम्ही घातलात?"

"हो. पाहुण्यांना काहीतरी खास द्यायला हवं ना. त्या पिंपाला एक गिऱ्हाईक लागलेलं होतं, वडिलांच्या काळापासूनचं. तेही काल बसले होते समोर. फार वाईट वाटलं त्यांना. पण चोरीला कोण काय करणार?"

"अठरा नंबर कुणाला विकलंत?"

"बाहेरचं गिऱ्हाईक होतं. सगळी कागदपत्रं आहेत. काकांची सहीसुद्धा." ते जरा पुढे वाकले. "बाई, काका मला वडिलांसारखे आहेत. त्यांनी कबूल केलं, तर मी पोलिसांना मध्ये आणणार नाही. एवढं तुम्ही त्यांना समजवा."

बाहेर येऊन मी पायऱ्यांवर बसले आणि सकाळपासून लिहिलेलं पहिल्यापासून वाचलं. चोराने रंग जपला होता. गोदामातल्या सगळ्या धुरकट स्कॉचपैकी रंगाने जुळणारी एकच होती, आणि नेमकी तीच निवडली. वास मात्र त्याने जराही जपला नव्हता. नाकसाहेबांना फसवायचं म्हटल्यावर कुणीही दुसरी एखादी आयरिश घेईल आणि रंगाचं काहीतरी करेल. याने डोळ्याला फसवायची तयारी केली आणि नाकाची फिकीरच केली नाही.

नाकसाहेबांच्या नाकाची फिकीर कुणाला नसेल? मामा अजून लवंगा चघळतात. केमिस्टबाई शंकेचे नमुने त्यांच्याकडेच पाठवतात. आणि सेंट लावून बसायची हिंमत या वास्तूत एकट्याचीच झाली होती.

मग मला जिन्यातला करपल्याचा वास आठवला, आणि मी रिक्षा केली.

५

ताई औषधं आणायला खाली गेली होती. मी स्वयंपाकघरात जाऊन दोन निळे ग्लास भरले आणि भावोजींपुढे ठेवले.

"केमिस्टबाईंनी दिलेत. एक आयरिश आहे, एक स्कॉच. कुठली कुठली ते सांगा."

"कोर्ट घरी भरवलंस वाटतं." पण ग्लास त्यांनी उचलला. आधी उजेडात धरला. निळ्या काचेत काहीच दिसेना तेव्हा थोडा फिरवला, नाकाशी नेला, डोळे मिटले. मी त्यांना असं शेकडो वेळा पाहिलेलं आहे. लहान असताना मला ती पूजाच वाटायची.

"ही आयरिश," ते हळूच म्हणाले. "मऊ आहे. मनुका आहेत. मागे जरासा अक्रोड." दुसरा ग्लास घेतला. "आणि ही स्कॉच. धूर आहे, पण सभ्य."

नाक दाबलं की तोंड उघडतं, अशी म्हण आहे. मी ती खरी करून दाखवायला आले होते, आणि आता माझंच तोंड उघडेना.

"भावोजी," मी म्हटलं, "दोन्हीत व्हिनेगर आहे."

ते ग्लासकडे बघत राहिले. मग फार जपून, आवाज न करता, तो खाली ठेवला.

"झोंबलं," ते म्हणाले. "झोंबलं म्हणून दारू समजलो. झोंबतं तेवढं कळतं अजून."

"कधीपासून?"

"ताप आला होता ना, आठ महिने झाले. ताप गेला आणि जाताना नाक घेऊन गेला. वाटलं, येईल परत. तीन डॉक्टर झाले."

"मग वहीतले शेरे?"

"पिंपावरचा नंबर बघतो. एकतीस म्हटलं की तो वास मला आठवतो, अगदी जसाच्या तसा. तो लिहितो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "खोटं नाही गं लिहीत. आठवून लिहितो."

मला रडू आलं. मी ते येऊ दिलं. बावीस वर्षांत कोर्टात कधी वहीवर थेंब पडू दिला नव्हता.

"ताईला?"

"नाही. तिने भाजी केली की अजून मला आधी वास घ्यायला बोलावते. मी डोळे मिटून 'वा' म्हणतो. मीठ कमी असेल तर जिभेला कळतं, तेवढं एक सांगतो. तिला वाटतं, माझं नाक अजून तिखट झालंय."

"मग माहीत कुणाला आहे?"

"मालकांना. तिसऱ्याच दिवशी राजीनामा लिहून गेलो होतो. ते म्हणाले, काका, घाई कशाला? नाक येईल परत. तोवर सही करत राहा आणि कुणाला बोलू नका. मी त्यांचे हात धरले तेव्हा."

मी त्यांना सगळं सांगितलं. खिळे, चकत्या, अठरा, यादी, सेंट. मालकांनी वडिलांच्या जुन्या गिऱ्हाइकाला शब्द दिलेलं पिंप दुसऱ्याला जास्त भावानं विकलं होतं, आणि जुन्याला तोंड दाखवायला त्यांना एक चोरी हवी होती. चोरी दडवणारा माणूस तीच व्हिस्की बारा जणांसमोर ओतत नाही. ज्याला ती उघडकीला यायला हवी असते, तोच ओततो. आणि चोर म्हणून सही करणारं एक माणूस त्यांनी आठ महिन्यांपूर्वीच हाताशी धरून ठेवलं होतं.

भावोजींनी शांतपणे ऐकलं. शेवटी विचारलं, "त्यांनी सेंट लावलं होतं? केबिनमध्ये?"

"हो."

"मी रोज जातो की तिथे," ते म्हणाले.

६

साडेचारला मी मालकांसमोर उभी होते. भावोजी आणि ताई बाहेर बाकावर. ताईला घरी थांब म्हटलं तर ऐकेना.

मी एका दमात सगळं सांगितलं. मालकांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. माझं संपल्यावर त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला.

"लिहा ना. मी अडवत नाही. पण पहिली ओळ काय लिहाल, बाई?"

मी पेन उचललं.

"मी सांगू? 'माझ्या भावोजींना वास येत नाही.' ती ओळ लिहिल्याशिवाय तुमची दुसरी ओळ उभी राहत नाही. आणि ती लिहिलीत की आठ महिन्यांतली प्रत्येक सही खोटी ठरते. दारातून गेलेलं प्रत्येक पिंप. प्रत्येक गिऱ्हाईक त्यांच्या दारात उभं राहील." त्यांचा आवाज अजूनही अदबशीर होता. "मालकांना माहीत होतं, असं काका म्हणतील. मी म्हणेन, मला माहीत नव्हतं. अठरा मी अठरा म्हणून विकलं, चकत्या कुणी बदलल्या मला काय ठाऊक? मी सेंट लावतो, हा काही गुन्हा नाही."

मी इतकी वर्षं साक्षी लिहून घेतल्यात. कुठली उभी राहते आणि कुठली कोसळते, हे मला वकिलांच्या आधी कळतं. माझ्याकडे दोन नवे खिळे होते आणि एक शिंक. पेन हातात तसंच राहिलं.

दार ढकलून भावोजी आत आले. त्यांनी बाहेरून ऐकलं होतं की ते आधीच ठरवून आले होते, मला अजून माहीत नाही.

"कागद इकडे द्या," ते म्हणाले. "कबूल करतो. एकतीस मी विकलं."

"भावोजी!" मी त्यांना हाताला धरून खिडकीपाशी ओढलं. "वेड लागलंय का? आठ महिन्यांचं आपण बघू, माफी मागू. तुम्ही आजारी होतात, त्याला कोणी तुरुंगात घालत नाही. तुम्ही चोर नाही आहात!"

"नाही ना. मग काय आहे मी?" ते इतके हळू बोलले की मालकांना ऐकू गेलं नसावं. "नाक नसलेला नाकसाहेब. गल्लीतलं पोरगंही हसेल. चोर म्हटलं तर काय म्हणतील? माणूस वाईट होता, पण नाक? नाक सोन्याचं होतं. हुंगून बरोब्बर सगळ्यात भारी पिंप उचललंन."

"आणि ताई? तिला चोराची बायको करणार?"

त्यांनी माझा हात सोडवला. "तिला सांगू नकोस. माझी शपथ आहे तुला."

इकडे आड, तिकडे विहीर. आणि माणूस आपल्या पायांनी चालत, मान ताठ ठेवून, विहिरीकडे निघाला होता. मी काय करायला हवं होतं ते मला अजून कळलेलं नाही. मी काहीच केलं नाही. मालक म्हणाले, काका, बाईंना सांगा की, त्या लिहितील. मी लिहिलं. भावोजी सांगत गेले आणि मी शब्दाला शब्द उतरवत गेले. त्यांनी सही केली. मालकांनी कागद टेबलाच्या खणात ठेवला, उठून भावोजींच्या पाया पडले, आणि पाचला पाच मिनिटं असताना आम्ही बाहेर आलो.

ताई बाकावरून उठली. आमचे चेहरे पाहून तिला काय ते कळलं असावं, पण तिने नवऱ्याच्याच तोंडून ऐकायचं ठरवलं.

"काय झालं?"

"राजीनामा दिला. पोलीस नाहीत."

"का? तुम्ही घेतलं नाही ना ते?"

"घेतलं," भावोजी म्हणाले. तिच्या डोळ्यांत बघून म्हणाले. आणि चपला घालून रस्त्याच्या दिशेने चालायला लागले.

ताई त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळली. तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

"धाकटे, तू दिवसभर फिरलीस. सगळ्यांशी बोललीस. ते खोटं बोलतायत, हो ना? तुला काय सापडलं, सांग मला."

रस्त्याच्या कडेला भावोजी थांबले होते. मागे वळून न बघता आमची वाट बघत होते.

"मला काही सापडलं नाही, ताई," मी म्हटलं.